मूकपटाची लांबी : फुटांत की मिनिटांत?

दादासाहेब फाळके आपला ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन सुरतेस गेले, तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला, अशी हकीकत आपल्या चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते. सुरत पडली व्यापाऱ्यांची पेठ. तेथील प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असे. येथे तीन आणे मोजायचे आणि खेळ दीड तासात आटोपायचा, हा व्यवहार त्याला पटेना. फाळक्यांनी तिकिटाचा दर उतरवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत, अशा आशयाची नवी जाहिरात निघाली आणि गर्दी लोटली. घड्याळाच्या मापाने जो माल तोकडा ठरत होता, तोच लांबीच्या मापाने भरघोस ठरला.

ही जाहिरात हिशेबाच्या नजरेने तपासण्यासारखी आहे. सिनेमाची फीत पस्तीस मिलिमीटर रुंदीची असते आणि तिच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्थिर छायाचित्रे, बसतात. ५७,००० ला १६ ने भागले की ३,५६२ फूट येतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट, चार रिळे, अशी नोंद आहे. तेव्हा छायाचित्रांचा आकडा सचोटीचा म्हणावा लागेल, किंबहुना थोडा कमीच सांगितलेला. मैलांचे मात्र तसे नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. येथे जाहिरातदाराचा गज जवळजवळ तिप्पट ताणला गेला आहे.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हे ३,७०० फूट पडद्यावरून सरकायला वेळ किती लागतो? आजच्या अनेक सूच्यांत या चित्रपटाचा अवधी सुमारे चाळीस मिनिटे दिलेला आढळतो. त्या काळचा रूढ वेग सेकंदाला सोळा चौकटींचा धरला, तर दर सेकंदाला बरोबर एक फूट फीत सरकते. जितके फूट तितके सेकंद, इतका सोपा तो हिशेब. म्हणजे ३,७०० सेकंद, एक तास आणि वर पावणेदोन मिनिटे. पुढे बोलपटाच्या काळात सेकंदाला चोवीस चौकटी हा वेग ठरला. त्या वेगाने हीच फीत ४१ मिनिटांत संपते. एकही चौकट कमी न होता वीस मिनिटे नाहीशी होतात. मूकपटांच्या निरनिराळ्या लांबीच्या आवृत्त्या का आढळतात, याच्या उत्तराचा पहिला भाग या वजाबाकीत आहे.

मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. हँडलाच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, असा साधारण बेत असे. परंतु माणसाचा हात हा काही लंबक नव्हे. एकाचा हात जलद, दुसऱ्याचा संथ. शिवाय पाठलागाचे दृश्य असेल तर कॅमेरामन मुद्दाम हळू फिरवी, म्हणजे पडद्यावर पात्रे अधिक वेगाने धावत. फीत चित्रपटगृहात पोचल्यावर तिचा वेग ठरविणारा आणखी एक धनी उभा राही, तो म्हणजे यंत्र चालविणारा ऑपरेटर. दाराशी गर्दी जमली असेल आणि मालकाला रात्रीचा आणखी एक खेळ साधायचा असेल, तर तो यंत्राचा वेग वाढवी. फार हळू चालविण्यातही धोका होता. तेव्हाची फीत नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही. प्रखर दिव्यासमोर ती रेंगाळली की पेट घेण्याची भीती असे. एकोणीसशे वीसच्या दशकात वेग वाढतच गेला आणि दशकाच्या शेवटी अनेक चित्रपटगृहांत तो वीस-बावीस चौकटींच्याही पुढे गेला होता. बोलपट आल्यावर मात्र ही मोकळीक संपली. वेग बदलला की आवाज बदलतो. संथ केला तर गाणारीचा गळा पुरुषी होतो, जलद केला तर चिरका. म्हणून चोवीसचा वेग सर्वत्र स्थिर झाला.

जुन्या मूकपटांतील माणसे तुरुतुरु चालतात, झटके दिल्यासारखे हातवारे करतात आणि नव्या पिढीला त्याचे हसू येते. यात त्या काळच्या माणसांचा दोष नाही. सोळा-अठराच्या वेगाने टिपलेली फीत चोवीसच्या वेगाने चालविल्याचा तो परिणाम आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या चालण्यात डौल नव्हता असा समज एका चुकीच्या वेगामुळे घरोघर पसरावा, हे थोडे दुर्दैवाचेच.

एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल ड्रायर याने १९२८ साली फ्रान्समध्ये ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा चित्रपट केला. आज तो डिस्कवर विकत मिळतो, तेव्हा एकाच पेटीत दोन अवधी दिलेले असतात : ९७ मिनिटे आणि ८१ मिनिटे. गिऱ्हाइकाला वाटावे की एकीत सोळा मिनिटांची दृश्ये अधिक आहेत. प्रत्यक्षात दोन्हींतील चित्रे तीच आहेत. पहिली सेकंदाला वीस चौकटींच्या वेगाने दाखविली आहे, दुसरी चोवीसच्या. जाणकारांत योग्य वेगाविषयी एकमत झाले नाही, म्हणून प्रकाशकाने दोन्ही दिल्या. हा चित्रपट बहुतांशी चेहऱ्यांचा आहे. न्यायासनासमोर बसलेल्या एका मुलीच्या डोळ्यांत अश्रू जमतो आणि ओघळतो, तो किती वेळ ओघळावा याचा निर्णय येथे एका आकड्यावर अवलंबून आहे.

वेगाची गोष्ट इतकी. कात्रीची गोष्ट याहून मोठी आहे आणि तीत व्यापाराचा हात अधिक स्पष्ट दिसतो.

बर्लिनच्या उफा कंपनीने दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याच्याकडून ‘मेट्रोपोलिस’ हा भविष्यातील महानगराचा भव्य चित्रपट करवून घेतला. १० जानेवारी १९२७ रोजी तो बर्लिनमध्ये प्रथम दाखविला गेला, तेव्हा फितीची लांबी ४,१८९ मीटर होती. चोवीस चौकटींच्या वेगाने हा खेळ सुमारे दोन तास तेहतीस मिनिटांचा होतो. वीसच्या वेगाने तीन तासांच्याही वर जातो. चित्रपटावर खर्च अफाट झाला होता. कंपनी आधीच कर्जात होती आणि ते कर्ज पॅरामाउंट व मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपन्यांचे होते. कर्ज देणाऱ्याचा शब्द मालाच्या आकारावर कसा चालतो, हे पेढीवर बसलेल्यांना नव्याने सांगायला नको. पॅरामाउंटने अमेरिकेसाठी चित्रपट आखूड करण्याचे काम चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे दिले. त्याने केवळ लांबी कमी केली नाही. कथेचा एक आधारस्तंभच काढून टाकला.

मूळ कथेत हेल नावाची एक दिवंगत स्त्री आहे. महानगराचा स्वामी फ्रेडरसन आणि संशोधक रोटवांग या दोघांनीही तिच्यावर प्रेम केले. तिने फ्रेडरसनशी विवाह केला आणि मुलाला जन्म देताना ती मृत्यू पावली. रोटवांगच्या घरात तिचे स्मारक आहे. तो यंत्रमानव घडवितो तो तिच्या विरहातून, आणि नगराचा विध्वंस इच्छितो तो या जुन्या वैरातून. परंतु हेल हे नाव इंग्रजी भाषेत नरकवाचक शब्दासारखे ऐकू येते. अमेरिकी प्रेक्षक ते पाहून हसतील किंवा नाराज होतील, असे पोलॉकला वाटले. म्हणून स्मारक गेले, नाव गेले, प्रसंग गेला. एका उच्चारापायी रोटवांगच्या साऱ्या वर्तनाचे कारण नाहीसे झाले आणि तो उगाचच वेडाचार करणारा शास्त्रज्ञ उरला. पुढे कित्येक दशके समीक्षक या चित्रपटाला दृश्ये अद्भुत पण कथा विस्कळीत, असे म्हणत राहिले. विस्कळीतपणाचा तो आरोप लेखिका आणि दिग्दर्शकावर जमा होत राहिला. कात्रीच्या नावावर कोणी टाकला नाही.

जर्मनीतही मूळ लांबी टिकली नाही. १९२७ च्या वसंतात उफाचे नियंत्रण आल्फ्रेड हुगेनबर्ग या उद्योगपतीकडे गेले. चित्रपट मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी ३,२४१ मीटर लांबीचा होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. ९४८ मीटर कमी. दर शंभर मीटरमागे साडेबावीस मीटर कापले गेले. कापलेल्या भागाची मूळ निगेटिव्ह कोणी जपून ठेवली नाही. त्यानंतर जगात ‘मेट्रोपोलिस’च्या जितक्या प्रती तितक्या लांबी झाल्या. १९८४ साली संगीतकार जॉर्जो मोरोडर याने रॉक संगीत जोडून काढलेली आवृत्ती तर दीड तासाहूनही कमी होती. २००१ साली जर्मनीतील मुर्नाऊ प्रतिष्ठानाने उपलब्ध सारे तुकडे जुळवून दोन तासांची प्रत सिद्ध केली. जेथे दृश्य मिळाले नाही तेथे काय होते याच्या पाट्या घातल्या. उरलेला भाग कायमचा गेला, असे तेव्हा सर्वांनी मानले होते.

तो गेला नव्हता. १९२७ मध्येच आर्जेंटिनाच्या आडोल्फो विल्सन या वितरकाने पूर्ण लांबीची प्रत विकत घेऊन आपल्या देशी नेली होती. तेथे ती कापण्याची निकड कोणाला भासली नाही. पुढे ती एका समीक्षकाच्या संग्रहात गेली, तेथून सरकारी कलानिधीकडे. नायट्रेटच्या आगीची भीती म्हणून तिची सोळा मिलिमीटरची छोटी नकल काढली गेली. मूळ प्रतीवरचे ओरखडे आणि डाग नकलेत कायमचे उतरले. १९९२ पासून ती ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात पडून होती. तिचा सुगावा कसा लागला, हे ऐकण्यासारखे आहे. फर्नांडो पेन्या या अभ्यासकाने एका जुन्या सिनेक्लब चालकाकडून गाऱ्हाणे ऐकले होते : ‘मेट्रोपोलिस’ दाखविताना फीत नीट बसेना म्हणून आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ यंत्रापाशी उभे राहून ती बोटाने दाबून धरावी लागली. दोन तासांहून अधिक! पेन्याच्या मनात तो आकडा अडकून राहिला, कारण जगात उपलब्ध असलेला चित्रपट इतका लांब नव्हताच. २००८ साली संग्रहालयाची सूत्रे पाउला फेलिक्स-दिदिएर यांच्याकडे आली आणि दोघांनी मिळून डबे उघडले. हेल आत होती.

चौकटींचा क्रम लावताना मोठी मदत झाली ती संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झ याच्या स्वरलिपीची. चित्रपटगृहातील वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्या वहीत कोणत्या स्वराला कोणते दृश्य यावे, याच्या हजाराहून अधिक खुणा होत्या. खातेवही हरवली तरी रोजकीर्द सापडावी आणि तिच्यावरून शिल्लक जुळावी, तसाच तो प्रकार. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये जवळजवळ पूर्ण, सुमारे अडीच तासांचा ‘मेट्रोपोलिस’ दाखविला गेला. नव्याने मिळालेली दृश्ये ओरखड्यांनी भरलेली आहेत आणि त्यांची चौकट शेजारच्या दृश्यांपेक्षा लहान आहे. त्यामुळे कात्री कोठून कोठे चालली होती, हे आज साध्या प्रेक्षकालाही पडद्यावर स्पष्ट दिसते. एक-दोन प्रसंग तरीही मिळाले नाहीत. त्यांच्या जागी पाट्याच आहेत.

वितरकाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नव्हे. कापणारा वितरक होता, तसाच न कापणाराही वितरकच होता. आणि कित्येकदा कात्री निर्मात्याच्याच हाती असे. चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ १९२५ साली आला तेव्हा तो सुमारे दीड तासाचा होता. १९४२ साली बोलपटाच्या जमान्यात चॅप्लिनने तो स्वतःच पुन्हा बाहेर काढला. अक्षरांच्या पाट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, संगीत जोडले, आणि शेवटचे चुंबनही वगळले. ही आवृत्ती ७२ मिनिटांची आहे. आता कलावंताची इच्छा प्रमाण मानायची, तर कोणत्या वर्षीची? छत्तीस वर्षांच्या चॅप्लिनची की त्रेपन्न वर्षांच्या? याचा निवाडा सोपा नाही. पण मूळ खेळ पाहिलेल्याला १९४२ ची निवेदनाची बडबड खटकल्याशिवाय राहत नाही.

आबेल गांस याचा ‘नेपोलियन’ हा तर लांबीच्या बाबतीत कहरच. एप्रिल १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात दाखविलेला खेळ चार तासांच्या आत होता. त्यानंतर काही आठवड्यांनी निवडक लोकांना दाखविलेला सुमारे नऊ तासांचा. १९५४ साली इंग्लंडमधील केविन ब्राउनलो नावाच्या शाळकरी मुलाला घरगुती यंत्रावर पाहण्याची साडेनऊ मिलिमीटरची दोन रिळे मिळाली. घरी पाहण्यासाठी चित्रपटांचे असे संक्षेप त्या काळी विकले जात. त्या मुलाने पुढचे सारे आयुष्य उरलेली रिळे शोधण्यात घालविले. त्याची आवृत्ती वाढत वाढत साडेपाच तासांपर्यंत पोचली. मध्यंतरी १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट दाखविताना अवधी चार तासांत बसवायचा होता, म्हणून काही भाग वगळला आणि वेगही वीसऐवजी चोवीस ठेवला. एका खेळात दोन्ही उपाय योजले गेले, कात्रीचा आणि वेगाचाही.

आणखी एक कारण फारसे चर्चेत येत नाही. एकच चित्रपट दोन ठिकाणी दोन असे, याचे मूळ कधी कधी चित्रीकरणातच असे. निगेटिव्हवरून दुसरी चांगली निगेटिव्ह काढण्याचे साधन त्या काळी समाधानकारक नव्हते. म्हणून दोन कॅमेरे शेजारी ठेवून चित्रीकरण करीत. एक निगेटिव्ह देशासाठी, दुसरी परदेशासाठी. अभिनय सर्वोत्तम झाला तो तुकडा देशी निगेटिव्हला, दुय्यम तुकडा निर्यातीला. ‘निर्यातीचा माल’ म्हणजे निवडक माल, हा आपला समज येथे उलटा करावा लागतो. परदेशी पाठविताना अक्षरांच्या पाट्या कधी दोन-चार चौकटींपुरत्याच ठेवीत. तेथे पोचल्यावर त्या भाषेतील पाट्या घालाव्यात, असा हेतू. भाषांतर लांबले की पाटी अधिक वेळ ठेवावी लागे आणि खेळ तितका वाढे. पाट्या लांबवायचे राहून गेले, तर त्या डोळ्यांसमोरून चमकून जात आणि खेळ आखडत असे. फितीवरचा कर तर काही देशांत फुटावरच आकारला जाई. ब्रिटनने तो १९१५ मध्ये बसविला. सुरुवातीच्या वर्षांत चित्रपट विकला जाई तोही कापडासारखा, फुटावर. आत काय आहे याची किंमत निराळी नसे.

‘जोन ऑफ आर्क’च्या वाट्याला तर याहून विचित्र योग आला. पॅरिसमध्ये धर्माधिकारी आणि सेन्सॉर यांच्या आक्षेपांमुळे तो कापला गेला. १९२८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये मूळ निगेटिव्ह आगीत जळाली. ड्रायरने न वापरलेल्या तुकड्यांतून तोच चित्रपट पुन्हा जुळविला, तोच क्रम, तेच प्रसंग, पण प्रत्येक दृश्य दुसऱ्या वेळी टिपलेले. पुढच्याच वर्षी तीही जळाल्याची वार्ता आली. ड्रायर १९६८ साली मृत्यू पावला, तो मूळ चित्रपट गेला असे समजूनच. १९८१ साली नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले. त्यांत न कापलेली मूळ प्रत होती. ती तेथे कशी आली याचा उलगडा झालेला नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या नशिबी असा डबा अद्याप आलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ आहे. मधली दोन नाहीत. फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती आणि पुण्यातील रिळे या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. डोंबाच्या दारी सत्त्वाची परीक्षा देणारा जो राजा आज पडद्यावर दिसतो, तो १९१३ चा की १९१७ चा, हा वाद त्यामुळे उभा राहतो. संगणकावर हे तुकडे कोणालाही पाहता येतात. पाहताना राजा आणि त्याचा परिवार तुरुतुरु चालताना दिसले, तर यंत्राचा वेग दोन-तृतीयांशावर आणावा. तारामती मग सावकाश, तिच्या स्वतःच्या चालीने चालू लागते.